प्रगत सिरॅमिक्सच्या वर्गात काय शिकवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सुरुवातीचे वर्ग बरीच वर्षं घेतल्यावर आता पहिल्यांदाच प्रगत वर्ग हाती आला आहे. बारा विद्यार्थी, एक सत्र. सगळ्यांना चाकावर माती सेंटर करता (नेमकी मध्यावर बसवता) येते, निम्मे हाताने घडवणंच जास्त पसंत करतात. अभ्यासक्रमात कोणती नवी तंत्रं घ्यावीत, भट्टी त्यांच्या हाती द्यावी का, आणि गुण कसे द्यावेत?

नवी तंत्रं शक्य तितकी कमी घ्या. आजवर जे निर्णय तुम्ही त्यांच्या वतीने घेत आलात, ते एकेक करून त्यांच्याकडे सोपवा. सुरुवातीच्या वर्गात विद्यार्थी तयार मातीची पिशवी उघडतो, ग्लेझने (भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपाने) भरलेल्या बादलीत भांडं बुडवतो आणि काही दिवसांनी भाजलेलं भांडं फळीवरून उचलतो. मधलं सगळं शिक्षक करतो. असे तीन-चार वर्ग झाले की हात चांगला बसतो. पण ‘ही माती कोणत्या तापमानाला पक्की होते?’ किंवा ‘या ग्लेझमध्ये काय आहे?’ असं विचारलं की समोर शांतता पसरते. त्या शांततेपासून सुरुवात करा. आणखी एक सजावटीची युक्ती, आणखी एका प्रकारचं झाकण, आणखी एक नक्षी हे सगळं विद्यार्थी कुठूनही शिकू शकतो. माती, ग्लेझ आणि भट्टी यांचा एकमेकींशी असलेला संबंध मात्र शिक्षकाच्या देखरेखीखाली, स्वतः चाचण्या करूनच कळतो.

पहिल्या आठवड्यात कोण कुठे आहे ते बघून घ्या. चाकावर काम करणाऱ्यांना एक-एक किलोच्या मातीचे चार सारखे दंडगोल काढायला सांगा आणि चारही तारेने उभे कापा. हाताने घडवणाऱ्यांना एकाच मापाच्या, पट्ट्यांपासून केलेल्या दोन पेट्या करायला सांगा आणि सांधे कापून बघा. भिंतीची जाडी, तळाशी राहिलेली जादा माती, सांध्यातली पोकळी हे कापल्यावरच दिसतं. सुरुवातीलाच स्वतःचं काम कापायची सवय लागली की भांड्यावरचा जीव थोडा सुटतो आणि लक्ष भांड्याकडून कारणाकडे वळतं.

त्यानंतर माती. प्रत्येकाला आपल्या मातीच्या चाचणीपट्ट्या करायला लावा: साधारण १४ सेंमी लांब, त्यावर ओल्या असतानाच नेमकी १० सेंमीची रेघ. ती रेघ वाळल्यावर, बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) झाल्यावर आणि शेवटच्या भाजणीनंतर मोजायची. रेघ ८.८ सेंमी झाली तर एकूण आकुंचन १२ टक्के. इथे जवळजवळ प्रत्येक वर्गात एक चूक होते, ती होऊ द्या आणि मग फळ्यावर सोडवा. भाजल्यावर १० सेंमीचं झाकण हवं असेल तर विद्यार्थी १० मध्ये १२ टक्के मिळवून ११.२ सेंमीचं करतो. भट्टीतून ते ९.८६ निघतं आणि सैल बसतं. आकुंचन ओल्या मापावर मोजलेलं असतं, म्हणून १० ला ०.८८ ने भागायचं. उत्तर ११.३६ येतं. दीड मिलिमीटरचा हा फरक सुबक झाकण आणि खुळखुळणारं झाकण यांच्यातला फरक आहे.

त्याच पट्ट्यांवर पाणी शोषण्याची चाचणी घ्या. शेवटच्या भाजणीतून निघालेली कोरडी पट्टी तोला, काही तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या, वरचं पाणी टिपून पुन्हा तोला. २०० ग्रॅमची पट्टी २०६ भरली तर शोषण ३ टक्के. स्टोनवेअरच्या (चढ्या तापमानाला भाजलेल्या घट्ट मातीच्या) वापरायच्या भांड्यासाठी मी दीड टक्क्याच्या आतला आकडा मागते. ३ टक्के शोषणाऱ्या मातीची फुलदाणी ग्लेझ असूनही टेबलावर ओल सोडू शकते, आणि मग विद्यार्थी सगळा दोष ग्लेझला देतो. आणखी एक पट्टी दोन टोकांवर आधार देऊन मधे अधांतरी ठेवून भाजा. ती किती वाकली यावरून, ही माती रुंद ताटलीचा काठ सांभाळेल का याचा चांगला अंदाज येतो.

माती स्वतः मिसळायची असेल तर सर्वांना एकाच ठिकाणाहून सुरू करा. केऑलिन (शुद्ध पांढरी माती), बॉल क्ले (बारीक कणांची लवचिक माती), फेल्डस्पार (वितळायला मदत करणारं खनिज) आणि सिलिका (काच घडवणारं खनिज) प्रत्येकी २५ टक्के हे कोन १० च्या (कोन म्हणजे भाजणी मोजण्यासाठी भट्टीत ठेवायचा, उष्णतेने वाकणारा छोटा सुळका; आकडा त्याचा क्रमांक) पोर्सेलिनचं जुनं आणि सोपं सूत्र आहे. मग प्रत्येकाने एकच गोष्ट बदलायची. एकाने फेल्डस्पार ५ ने वाढवायचा आणि सिलिका तेवढीच कमी करायची, दुसऱ्याने बॉल क्लेच्या जागी केऑलिन वाढवायचं. दुसरा लगेच तक्रार करेल की माती चाकावर तुटते, कारण लवचिकपणा मुख्यतः बॉल क्लेच्या बारीक कणांतून येतो. हे वाचून लक्षात राहत नाही. तर्जनीखाली माती फाटली की कायमचं लक्षात राहतं.

पण कोरड्या पावडरींचं एकही पोतं उघडण्यापूर्वी धुळीचा विषय पूर्ण करा. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साठते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात गणली जाते. म्हणून पावडर मोजताना एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, पावडर पाण्यात घालायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, झाडू पूर्ण बंद, जमीन ओल्या फडक्याने पुसायची आणि वाळलेल्या भांड्याला कोरडा सँडपेपर लावायचा नाही. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, मँगनीजचा भट्टीतला धूर घातक आहे, आणि शिसं वर्गात असूच नये. याबाबत मी कुणाचीही गय करत नाही. मास्क नसेल तर त्या दिवशी मिश्रण करायचं नाही, मग कितीही घाई असो.

आता ग्लेझ. सत्रातला सर्वांत जास्त वेळ मी इथे देते, कारण ‘मला हे का आवडलं’ आणि ‘हे असं का झालं’ या दोन्ही प्रश्नांना इथे एकत्र भिडावं लागतं. विद्यार्थी कुठून तरी उतरवलेल्या पाककृतींची वही घेऊन येतात. ती वही बंद ठेवायला सांगा आणि एकच ग्लेझ उघडा: फेल्डस्पार ४०, सिलिका ३०, व्हायटिंग (कॅल्शियम कार्बोनेट) २०, केऑलिन १०. कोन १० चं हे ४-३-२-१ ग्लेझ ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच यांच्या नावाशी जोडलं जातं. चार घटक, चार सोपे आकडे, आणि त्यातून ग्लेझचं जवळजवळ सगळं रसायन शिकवता येतं.

हर्मान झेगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९ व्या शतकात दाखवलेली रीत वापरा. वजनांचं रेणूंच्या प्रमाणात रूपांतर करायचं आणि वितळवणाऱ्या ऑक्साइडांची बेरीज १ धरून बाकीचे मोजायचे. पोटॅश फेल्डस्पार आदर्श सूत्राचा मानला तर हे ग्लेझ असं येतं: पोटॅशियम ऑक्साइड ०.२६, कॅल्शियम ऑक्साइड ०.७४, अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) ०.४१, सिलिका ३.७. सिलिका आणि अॅल्युमिना यांचं गुणोत्तर सुमारे ९. हा हिशोब एकदा प्रत्येकाला कागदावर करायला लावा, संगणक त्यानंतर. कागदावर केला की केऑलिन घातलं तर अॅल्युमिनासोबत सिलिकाही येते, फेल्डस्पार एकटाच तिन्ही खात्यांत भर घालतो, या गोष्टी हाताखालून जातात आणि पक्क्या होतात.

मग याच ग्लेझमध्ये सिलिका आणि केऑलिन यांची अदलाबदल करत जा. फेल्डस्पार ४० आणि व्हायटिंग २० तसेच ठेवायचे. सिलिका-केऑलिनच्या जोड्या ३०-१०, २५-१५, २०-२०, १५-२५, १०-३०. पाच चकत्या, एकच भट्टी. गुणोत्तर ९ वरून अनुक्रमे सुमारे ७.४, ६.२, ५.२ आणि ४.४ वर येतं. पहिली चकती चकचकीत काचेसारखी असते आणि शेवटाकडे पृष्ठभाग मऊ, मॅट होत जातो. आर. टी. स्टल या अमेरिकी सिरॅमिक्स-तज्ज्ञाने १९१२ मध्ये अॅल्युमिना आणि सिलिका दोन अक्षांवर मांडून चकचकीत, मॅट, तडकणारे आणि अर्धवट वितळलेले असे प्रदेश दाखवले होते. पाच चकत्या हाती आल्यावर तो नकाशा दाखवा. आधी दाखवला तर तो नुसता तक्ता वाटतो, नंतर दाखवला की विद्यार्थी त्यावर स्वतःची चकती शोधू लागतो.

मॅट ग्लेझबाबत एक गोष्ट ठासून सांगा. अर्धवट भाजलेलं ग्लेझसुद्धा मॅट दिसतं. संशय असेल तर तीच चकती एक-दोन कोन वर भाजून बघा. चकचकीत झाली तर ते मॅट ग्लेझ नव्हतंच. शिवाय तेच मिश्रण भट्टी हळू थंड केली की स्फटिक वाढून मॅट होऊ शकतं आणि झपाट्याने थंड केलं की चमकदार राहतं. दोन थंडावण्यांच्या चकत्या शेजारी ठेवा. भट्टी बंद केली की काम संपलं हा समज त्याशिवाय जात नाही.

रंगाकडे यानंतरच वळा. त्याच ४-३-२-१ मध्ये १ टक्का लोह ऑक्साइड घालून रिडक्शनमध्ये (भट्टीत हवा कमी ठेवून) भाजलं तर फिकट हिरवट-निळसर सेलाडॉनकडे जातं, ८ ते १० टक्के घातलं की काळपट-तपकिरी तेनमोकू. ऑक्सिडेशनमध्ये (भरपूर हवेत) तेच १ टक्का लोह फिकट पिवळसर राहतं. एक धातू, एक मूळ ग्लेझ, तीन वेगळी भांडी. कोबाल्ट-तांब्याच्या डब्यांकडे धावणाऱ्या विद्यार्थ्याला हे एवढं पुरेसं काम असतं.

तडे गेलेल्या ग्लेझचं निदान प्रत्येकाला आलंच पाहिजे. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं तर ते ताणलं जाऊन तडकतं. सोडियम आणि पोटॅशियम हे आकसणं वाढवतात. सिलिका, बोरॉन, मॅग्नेशिया ते कमी करतात. उलट झालं, म्हणजे ग्लेझ फारच कमी आकसलं, तर काठावरून ग्लेझच्या कपच्या उडतात. तडे अनेकदा दिसायला देखणे असतात. काठाच्या कपच्या मात्र तोंडात जाऊ शकतात, म्हणून असं एकही भांडं वापरात जाऊ देऊ नका. आम्लाची चाचणीही शिकवा: लिंबाची फोड किंवा व्हिनेगर भांड्यावर २४ तास ठेवायचं, रंग किंवा चमक बदलली की ते खाण्यापिण्यासाठी बाद. न बदलल्याने मात्र ते सुरक्षित ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली झिरपण्याची चाचणी लागते, आणि हा फरक विद्यार्थ्यांपुढे स्पष्ट ठेवा.

बादलीकडेही लक्ष द्या. १०० मिलिलिटर ग्लेझ तोलून त्याचं वजन वहीत लिहायची सवय लावा. बुडवण्यासाठी बहुतेक ग्लेझं १४० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान ठीक बसतात. ‘मागच्या वेळी किती सुंदर आलं होतं’ या हळहळीचं मूळ बऱ्याचदा पातळ झालेल्या बादलीत असतं.

भट्टी त्यांच्या हाती द्यावी का? हो, नक्की द्या. जोडी करून द्या आणि प्रत्येक जोडीकडे एक बिस्क आणि एक ग्लेझ भाजणी पूर्ण सोपवा: मांडणी, वेळापत्रक, नोंदी, उघडणं. तुम्ही आवारात असा, पण बटणाला हात लावू नका. सुरक्षेचा प्रश्न आला तरच मधे पडा.

त्याआधी त्यांना चार टप्पे समजले पाहिजेत. १०० अंशांच्या आसपास उरलेली ओल वाफ होते, म्हणून जाड काम असेल तर १०० च्या खालीच काही तास थांबायचं. भांडी फुटतात ती ओलीमुळे. जाडीमुळे ओल आत अडकते, एवढाच जाडीचा दोष. ४५० ते ६०० च्या दरम्यान मातीत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं. ५७३ अंशांना क्वार्ट्झ आपली रचना बदलतो आणि एकदम प्रसरण पावतो, थंड होताना तेवढाच आकसतो. मोठ्या ताटल्या बहुधा इथेच चिरतात. ७०० ते ९०० मध्ये मातीतला कार्बन आणि गंधक जळून जायला हवेत, त्यासाठी हवा आणि वेळ दोन्ही लागतात. इथे घाई केली तर ग्लेझ भाजणीत फोड येतात, टाचणीएवढी छिद्रं राहतात, मातीचा गाभा काळा पडतो. दोष ग्लेझ भाजणीत दिसतो आणि कारण बिस्कमध्ये असतं, म्हणूनच नोंदी लागतात.

पायरोमीटरवर (भट्टीच्या तापमापकावर) विसंबू नका. तो एका जागच्या हवेचं तापमान सांगतो, तर कोन तापमान आणि वेळ मिळून झालेलं काम दाखवतो. ताशी ६० अंशांच्या वेगाने शेवट केला तर ऑर्टन बनावटीचा कोन ६ सुमारे १२२२ अंशांना वाकतो, वेग वाढवला की त्याला जास्त तापमान लागतं. खालच्या, मधल्या आणि वरच्या फळीवर कोन ठेवायला लावा. बहुतेक भट्ट्यांत तिन्ही ठिकाणी वेगळं चित्र निघतं, आणि मग कोणतं ग्लेझ कोणत्या फळीवर ठेवायचं हा विद्यार्थ्याचा निर्णय होतो. भट्टी उघडताना सगळ्यांना बोलवा आणि भांड्यांना हात लावण्याआधी कोन वाचून घ्या.

गॅसची भट्टी असेल तर साधारण ९०० अंशांनंतर रिडक्शन सुरू करायला शिकवा आणि ते हलकं ठेवा. दाट काळा धूर ही रिडक्शनची खूण मानणं चूक आहे, ते वाया गेलेलं इंधन असतं. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक खोलीत लावलेला असावा आणि हवा खेळती असावी, ही अट आधी. विजेच्या भट्टीत रिडक्शन करू देऊ नका. कॉइल खराब होतात आणि वायू खोलीत येतो. विजेचीच भट्टी असेल तर वर्ग अपुरा राहील असं मात्र समजू नका. ब्रिटनमधल्या नामवंत कुंभार लूसी री यांनी आयुष्यभराचं बहुतेक काम कच्च्या भांड्यावर ग्लेझ लावून, विजेच्या भट्टीत एकाच भाजणीत केलं. लाकडाच्या भट्टीशिवाय खरं काम होत नाही असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्यासमोर मी तिच्या वाडग्यांची छायाचित्रं ठेवते, आणि चर्चा साधनांवरून पृष्ठभागावर येते.

या सगळ्या चाचण्यांत घडवणं मागे पडेल अशी भीती वाटेल. म्हणून सत्राच्या मध्यापासून प्रत्येकाला एक प्रश्न निवडायला सांगा आणि त्यावर एक मालिका करायला लावा. ‘मला चहाची किटली करायची आहे’ हा प्रश्न झाला नाही. ‘पाणी ओतून थांबवलं की थेंब नळीच्या बाहेरून ओघळू नये यासाठी ओठ किती धारदार हवा?’ हा प्रश्न आहे. ‘पट्टीची भिंत वाळताना वळते, ते वळणंच आकार म्हणून कसं वापरता येईल?’ हाही आहे. मालिकेत आकार एकच ठेवायचा आणि दर खेपेला एकच गोष्ट बदलायची. विद्यार्थी सुरुवातीला वैतागतात, त्यांना दहा वेगळी भांडी दाखवायची असतात. ठाम राहा. सहाव्या-सातव्या भांड्यापाशी हात विचार करू लागतो आणि तिथून पुढचं काम त्या विद्यार्थ्याचं स्वतःचं असतं. चाकावरच्यांना हाताने घडवायला किंवा उलट करायला इथे भाग पाडू नका. साच्यात स्लिप (पातळ केलेली माती) ओतायची कुणाला ओढ असेल तर तो त्याचा प्रकल्प होऊ द्या, पूर्ण वर्गाचा एक आठवडा त्यात घालवू नका.

चर्चेच्या दिवशी माझा एक नियम असतो. करणारा पहिली दहा मिनिटं गप्प बसतो. बाकीच्यांनी फक्त जे दिसतं, हाताला लागतं ते सांगायचं: वजन कुठे आहे, नजर कुठून कुठे जाते, पायाशी सावली पडते का. ‘छान’ आणि ‘आवडलं नाही’ दोन्ही बंद. भांडं वापरायचं असेल तर वापरून बघायचं, किटलीत पाणी भरून ओतायचं, मूठ दोन वेगळ्या हातांनी धरायची. मग करणाऱ्याने बोलायचं. त्याने जे ठरवलं होतं आणि लोकांना जे दिसलं यातलं अंतर ऐकून विद्यार्थ्याला पुढच्या भांड्याचं काम मिळतं. तुम्ही सर्वांत शेवटी बोला. शिक्षक आधी बोलला की बाकीचे त्याचंच म्हणणं फिरवून सांगतात.

प्रात्यक्षिक बंद करा असं मी म्हणत नाही. पण ते छोटं ठेवा आणि निवडक बिघाडावर करा. तळाला एस आकाराची चीर गेलेली ताटली उलटी करून, ती का गेली असेल याचा विचार मोठ्याने करा: तळ पुरेसा दाबला होता का, मधे पाणी साठून राहिलं होतं का, कडा आधी वाळली का. सफाईदार हात बघून विद्यार्थी भारावतो. विचार ऐकला की तो तसा विचार करायला लागतो.

गुणांचं धोरण पहिल्याच दिवशी सांगा. माझ्याकडे निम्म्याहून जास्त गुण वहीला, चाचणी चकत्यांना आणि भट्टीच्या जबाबदारीला असतात, उरलेले अंतिम मालिकेला आणि चर्चेतल्या सहभागाला. प्रत्येक चकतीच्या मागे ऑक्साइडने क्रमांक लिहिलेला हवा आणि तोच वहीत हवा. क्रमांक नसलेली चकती कितीही सुंदर असली तरी तिला गुण नाहीत, कारण ती पुन्हा करता येत नाही. अंतिम भांडं चिरलं आणि विद्यार्थ्याने चिरेची दिशा, कडा धारदार आहे की ग्लेझने गोल झालेली आहे हे बघून ती तापमान चढताना गेली की उतरताना हे सांगितलं, तर त्या भांड्याचे पूर्ण गुण मी देते. कडा गोल झाली असेल तर ग्लेझ वितळण्याआधीच चीर होती, धारदार असेल तर थंड होताना गेली. हे ओळखणारा विद्यार्थी पुढच्या वेळी काय बदलायचं ते जाणतो.

वेळापत्रक शेवटाकडून मागे आखा. अंतिम ग्लेझ भाजणी सत्र संपण्याच्या किमान दोन आठवडे आधी, म्हणजे बिघडलेलं काम पुन्हा भाजायला जागा राहते. त्याच्या आठवडाभर आधी शेवटची बिस्क, आणि त्याच्या दहा-बारा दिवस आधी ओलं काम पूर्ण बंद, म्हणजे मोठी भांडी प्लास्टिकखाली सावकाश वाळतात. आकुंचन आणि शोषणाच्या पट्ट्या पहिल्याच बिस्कमध्ये जायला हव्यात, ग्लेझच्या पाच चकत्या पहिल्याच ग्लेझ भाजणीत. त्या उशिरा गेल्या तर मालिका सुरू होताना हातात आकडे नसतात आणि विद्यार्थी पुन्हा अंदाजाने काम करू लागतो. बारा जणांसाठी सहा जोड्या होतात, म्हणजे चाचण्या धरून सहा बिस्क आणि सहा ग्लेझ भाजण्या. भट्टी लहान असेल तर हे आकडे पहिल्या दिवसाच्या आधीच कॅलेंडरवर बसवून बघा, आणि बसत नसतील तर प्रकल्पातली भांडी कमी करा, चाचण्या कमी करू नका.